स्पॅनिश मॉस: बांडगूळ समजून ओरबाडू नका, बाकीच्याही या चुका टाळा

फ्लोरिडात किंवा जॉर्जियाच्या किनाऱ्याकडे घर घेतलेल्या मराठी कुटुंबात हा संवाद हमखास होतो. अंगणात जुना लाइव्ह ओक (तिकडचा सदाहरित वृक्ष), त्याच्या आडव्या फांद्यांवरून राखाडी जटा लोंबताहेत, आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले बाबा पहिल्याच सकाळी चहाचा कप घेऊन झाडाखाली उभे. "अरे, हे बांडगूळ आधी काढून टाक. झाड खाऊन टाकेल ते."

बाबांचा अनुभव खोटा नाही, तो आंब्याचा आहे. आंब्यावरचं बांडगूळ फांदीच्या आत शोषकमुळं घुसवून तिचं पाणी आणि क्षार ओढतं. वेळेत छाटलं नाही तर पुढची फांदी खंगत जाते. ओकवरच्या या जटांना मात्र घुसवायला मुळंच नाहीत. स्पॅनिश मॉस हे शेवाळ नाही आणि स्पेनचंही नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या आग्नेय टोकापासून खाली अर्जेंटिनापर्यंत आढळणारी ही सपुष्प वनस्पती आहे, कूळ अननसाचं, शास्त्रीय नाव टिलँड्सिया उस्निऑइडिस. फांदी ही तिच्या लेखी नुसती खुंटी. पाणी पाऊस, धुकं आणि दव यांतून मिळतं, क्षार हवेतल्या धुळीतून आणि वरच्या पानांवरून ओघळणाऱ्या पावसाच्या पाण्यातून मिळतात, आणि अन्न ती स्वतःच उन्हात तयार करते. सह्याद्रीत झाडांवर फुलणारी सीतेची वेणी अशीच जगते. वनस्पतिशास्त्रात अशांना अपिवनस्पती म्हणतात. या वनस्पतीच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुका हे एवढं न कळल्यामुळे होतात.

झाड वाळतंय, म्हणून मॉसला दोषी धरणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. तिच्यामागे एक फसवं दृश्य आहे: ज्या ओकची पानं विरळ झाली आहेत त्याच ओकवर मॉस सगळ्यात दाट दिसतं. बघणारा साहजिकच म्हणतो, मॉस वाढलं म्हणून झाड मरतंय. खरा क्रम उलटा असतो. झाड आधी आजारी पडतं, पानं गळतात, आतल्या फांद्यांवर ऊन पोचतं आणि त्या उन्हात मॉस फोफावतं.

मग झाडाला झालंय काय? मान वर करून जटा बघण्याऐवजी खाली जमिनीकडे बघा. ओकची मुळं बुंध्याभोवती खोल जाण्यापेक्षा आडवी पसरतात, पर्णसंभाराच्या सावलीच्याही पलीकडे जातात आणि वरच्या थरातच राहतात. पाहुण्यांच्या गाड्या वर्षानुवर्षं झाडाखाली लावल्या की माती दबते आणि मुळांना हवा मिळत नाही. ड्राइव्हवे रुंद करताना किंवा पोहण्याचा तलाव खणताना कॉन्ट्रॅक्टर एका बाजूची मुळं सपासप कापून जातो. त्याचा परिणाम झाडावर दिसायला कित्येकदा दोन-चार वर्षं जातात, तोवर ते खोदकाम कुणाच्या लक्षातही नसतं. बुंध्याला टेकवून रचलेला मल्चचा (लाकडाच्या चिपांच्या आच्छादनाचा) ढीग, लॉनसाठी रोज चालणारे स्प्रिंकलर, आणि तणनाशक मिसळलेलं लॉनचं खत हे बाकीचे नेहमीचे गुन्हेगार. त्या खतातली काही तणनाशकं झाडाची मुळंही शोषून घेतात. पिशवीवरच्या बारीक अक्षरांत झाडांच्या मुळांजवळ वापरू नका असं छापलेलं असतं, पण ते वाचतो कोण?

मॉस काढून घेतलं म्हणून असं झाड बरं होत नाही. ते पैसे प्रमाणित आर्बोरिस्टला (झाडांच्या तज्ज्ञाला) द्या आणि त्याच्याकडून मुळं तपासून घ्या. दारावर येऊन "तुमचं झाड मॉसमुळे मरतंय, आजच्या आज स्वस्तात साफ करून देतो" म्हणणाऱ्याला हसून निरोप द्यावा हे उत्तम.

आता दुसरी बाजू. मॉसचा त्रास कधीच होत नाही, असंही नाही. ते फार दाट झालं तर खालच्या पानांवर सावली धरतं. पावसात भिजून जड होतं आणि वादळात वाऱ्याला अडतं, त्यामुळे आधीच कमकुवत असलेली फांदी मोडू शकते. कोवळी रोपटी, पिकानचं झाड, किंवा अंगणातला क्रेप मर्टल (हा आपल्या तामणाचा भाऊबंद) पुरता झाकला गेला असेल तर थोडं मॉस उतरवण्यात काही गैर नाही. थोडंच उतरवावं, आणि हातानं.

मोरचुदाची फवारणी

द्राक्षबागेत किंवा सुपारीवर बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) मारलेल्या माणसाला हा उपाय लगेच सुचतो, आणि अमेरिकेतल्या दुकानांतही तांब्याची फवारणी सहज मिळते. तांबं या कुळाला विषच आहे, त्यामुळे मॉस मरतं हे खरं. पण मेलेलं मॉस खाली पडत नाही. ते काळपट होऊन महिनोन्‌महिने तिथेच लोंबत राहतं, वजनही तसंच आणि वाऱ्याला अडणंही तसंच. शेवटी लांब काठीला आकडा लावून हातानंच ओढून काढावं लागतं. म्हणजे फवारणीचा खर्च वाया गेला, वर तांबं मातीत उतरलं, आणि शेजारी तळं असेल तर माशांच्याही जिवावर आलं.

काढायचंच असेल तर वेळ निवडा. नॉर्दर्न पारुला नावाचा इवलासा पक्षी लोंबत्या मॉसच्या आतच पोकळी करून घरटं बांधतो, आणि ते बाहेरून अजिबात दिसत नाही. सेमिनोल वटवाघूळ दिवसा याच जटांत झोपतं. पेलेग्रिना टिलँड्सी ही उड्या मारणारी कोळ्याची एक जात तर स्पॅनिश मॉस सोडून दुसरीकडे सापडत नाही. अमेरिकेतल्या वसंतापासून तिथल्या उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत, म्हणजे साधारण मार्च ते जुलै, हात लावू नये. पिल्लं किंवा अंडी असलेलं घरटं मोडणं अमेरिकेच्या 1918 च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्यानुसार गुन्हाही ठरू शकतो.

खाली पडलेलं मॉस उचलून घरात आणणं

कुंडीवर पसरायला, गौरी-गणपतीच्या आराशीत डोंगर करायला हे फार सुंदर दिसतं, म्हणून लोक जमिनीवरचा पुंजका उचलतात आणि दुसऱ्या दिवशी पायांवर, कमरेच्या पट्ट्याखाली लाल पुरळ येऊन खाजवत बसतात. हे चिगर्स. डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या माइट्सची ही पिल्लं. अमेरिकेच्या दक्षिणेत मॉस म्हणजे चिगर्स असं समीकरणच झालंय, पण त्यांचं घर जमिनीवरच्या पाल्यापाचोळ्यात आणि गवतात असतं. उंच लोंबणाऱ्या मॉसमध्ये ते सहसा नसतात, जमिनीवर पडून राहिलेल्या मॉसमध्ये चढतात. त्यामुळे नुकत्याच तुटलेल्या फांदीवरचं घ्या, जमिनीवर मुरलेलं नको. आराशीलाच हवं असेल तर आधी उकळत्या पाण्यात बुडवून काढा आणि उन्हात कडक वाळवा. वाळलेलं मॉस भुरकन पेटतं, तेव्हा समई आणि उदबत्तीपासून चार हात लांब ठेवा.

एके काळी याच मॉसचा मोठा धंदा होता. लुइझियाना आणि फ्लोरिडात ते खड्ड्यांत रचून, ओलं ठेवून कुजवायचे. वरचं राखाडी साल गळून पडायचं आणि आत उरायचा काळा, लवचीक, घोड्याच्या केसासारखा धागा. तो गाद्यांत, सोफ्यांत, जुन्या मोटारींच्या सीटमध्ये भरला जाई. हा धागा बघायचा असेल तर एक वाळकी काडी चिमटीत धरून नखानं ओढा. राखाडी भुकटी बोटांना लागते आणि मधून काळी तार निघते. फोम आला आणि हा धंदा बसला. हे वाचून कुणी कच्चं मॉस उशीत भरू नये. गादीत जायचा तो कुजवून, धुऊन, वाळवून, यंत्रातून पिंजून काढलेला धागा.

चुकीच्या गावी जाऊन शोधणं

फोटोत दिसणाऱ्या, मॉस लोंबणाऱ्या ओकांच्या बोगद्यासारख्या रस्त्यांसाठी लोक अटलांटात उतरतात आणि निराश होतात. अटलांटा उंचावर आणि समुद्रापासून लांब आहे, तिथे हे निसर्गतः वाढत नाही. त्यासाठी गाडीनं चारेक तास किनाऱ्याकडच्या सव्हाना शहरापर्यंत जावं लागतं. तिथलं बोनाव्हेंचर कब्रस्तान आणि वर्म्सलोचा दीड मैलांचा, चारशेहून जास्त ओकांचा रस्ता ही दोन ठिकाणं चुकवू नयेत. डॅलसवाल्यांनी टेक्सास-लुइझियाना सीमेवरचं कॅडो लेक हे तळं गाठावं. तिथे ओकऐवजी पाण्यात उभे असलेले बाल्ड सायप्रस आहेत. ह्यूस्टनकरांना ब्राझोस बेंड हे उद्यान जवळ पडेल.

पाऊस पडून गेल्यावर जा, हा माझा आग्रह. कोरडं मॉस राखाडी दिसतं कारण त्याच्या अंगावर सूक्ष्म खवले असतात आणि त्यांच्यात हवा असते. ते पाण्यानं भरले की आतला हिरवा रंग दिसू लागतो. दुपारच्या कोरड्या उन्हात काढलेल्या फोटोंत सगळं जळमटासारखं येतं. आणि तारांवर, फांद्यांवर मुठीएवढे गोल गोंडे दिसले तर ते स्पॅनिश मॉस नव्हे. ते बॉल मॉस, याच टिलँड्सिया गटातलं चुलत भावंड.

आठवण म्हणून बॅगेत भरणं

अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत झाडपाला तोडायला मनाई असते, हा एक भाग. दुसरा भाग मुंबई विमानतळावर. भारताच्या 2003 च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार जिवंत झाडं आणायला आयात परवाना आणि मूळ देशाचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. हातात पिशवी घेऊन "नुसतं गवत आहे हो" म्हणून चालत नाही. शिवाय पुण्या-मुंबईच्या नर्सरीत हे एअर प्लांट म्हणून मिळतंच.

आणि नर्सरीतून आणलेलं दोन महिन्यांत मरतंय?

आधी ते जिवंत होतं का ते पाहा. हस्तकलेच्या दुकानातलं पाकीटबंद मॉस मेलेलं असतं, कधी रंगवलेलंही. ते कितीही भिजवलं तरी वाढणार नाही. पारख सोपी आहे: एक बट पाण्यात घाला, जिवंत असेल तर थोड्याच वेळात हिरवटपणा चढतो.

जिवंत असूनही गेलं तर पहिला संशय तारेवर घ्या. इलेक्ट्रिशियननं टाकून दिलेली तांब्याची तार किंवा गॅल्व्हनाइज्ड जीआय तार, दोन्ही घातक, कारण तांबं आणि जस्त दोन्ही याला सोसत नाहीत. सुंभ दिसायला छान, पण तो ओला राहतो आणि बांधलेल्या जागी मॉस कुजतं. मासेमारीची नायलॉन दोरी किंवा स्टेनलेस स्टीलची तार वापरा. तांब्याच्या कळशीतलं पाणी, शेजारच्या बागेतून उडत येणारा बोर्डोचा फवारा आणि तांबं घातलेलं सूक्ष्म अन्नद्रव्याचं टॉनिक यांपासूनही ते लांबच ठेवा.

दुसरा संशय पाण्यावर. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी वाळलं की टोकांवर पांढरा थर बसतो आणि पाणी पिणारे खवलेच बुजतात. सॉफ्टनरचं पाणी त्याहून वाईट, त्यात मीठ आलं. आरओमधून बाहेर टाकलेलं पाणी तर नकोच. पावसाचं पाणी साठवता आलं तर सोनं.

तिसरा संशय वेळेवर. दिवेलागणीला झाडांना पाणी घालायची आपली सवय इथे नडते. ही वनस्पती रात्री रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेते. खवल्यांवर पाण्याचा थर असेल तर तो आत जात नाही, म्हणजे संध्याकाळी भिजवलं की ते रात्रभर उपाशी. सकाळी बादलीत वीस-तीस मिनिटं बुडवा, झटका, वाऱ्यावर टांगा. दुपारपर्यंत कोरडं व्हायला हवं. पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोन-तीनदा असं करावं लागतं, नुसता स्प्रे पुरत नाही. दुपारचं थेट ऊन मात्र नको, हिरव्या जाळीखाली टांगा. कोकणात आणि गोव्यात जून ते सप्टेंबर उलट काळजी: बुडवणं बंद, आणि आठवडाभर संततधार अंगावर पडणार नाही अशा पागोळ्यांच्या आतल्या, पण वारा खेळत्या जागी ठेवा. एसीच्या झोतासमोर ते कोणत्याच मोसमात टिकत नाही.

बाल्कनीतून ओसंडलं म्हणून सोसायटीच्या मागच्या रानात नेऊन टांगू नका. हवाई आणि ऑस्ट्रेलियात शोभेसाठी आणलेलं हे मॉस बागेबाहेर पडून रानात पसरलंय.

आणि वरून हिरवं, आतून तपकिरी झालेला जाडजूड जुडगा घरी असेल तर तो तसाच भिजवत राहू नका. जमिनीवर कागद पसरा, जुडगा हातानं मोकळा करा, हाताला चुरा लागणारा सगळा भाग फेकून द्या, आणि उरलेल्या बटांचे बोटभर जाडीचे तीन-चार जुडगे करून एकमेकांपासून वीतभर अंतरावर टांगा.