हायग्रो की हायड्रो? यंत्राचं नाव असं फोडा

दादरच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं मी फिजिक्सची लॅब सांभाळली. नव्या बॅचच्या हातात यंत्र देण्याआधी मी त्याचं नाव फोडायला लावायचे. "ताई, हे व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, विचारतात?" हा पहिला प्रश्न ठरलेला. नाही विचारत. पण भलतंच यंत्र उचललंत तर तासभराची रीडिंगं पाण्यात.

सुरुवात शेपटीकडून करा. मीटर मोजतो, स्कोप दाखवतो, ग्राफ लिहून ठेवतो. बॅरोमीटर हवेचा दाब सांगतो; बॅरोग्राफ तोच दाब फिरत्या कागदावर रेघेने उतरवतो. इलेक्ट्रोस्कोपमधली सोन्याच्या वर्खाची पानं फाकली की विद्युतभार आहे एवढं कळतं. आकडा त्याला विचारू नका.

मग डोकं. ग्रीक पाठ करत बसू नका, घरातला नातेवाईक शोधा. ग्रीक आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या. 'थर्मोस' म्हणजे गरम, त्याचा भाऊबंद संस्कृत 'घर्म', आणि त्याचाच आपला घाम. मे महिन्यात विरार लोकलला लटकणाऱ्याला थर्मामीटर वेगळा शिकवायला नको! 'बॅरोस' म्हणजे वजन, नात्यात 'गुरु', म्हणजे जड. ॲनिमोमीटरमधला 'ॲनेमोस' म्हणजे वारा; आपला अनिल त्याच मुळाचा. व्हर्निअर, म्हणजे बारीक मोजमापाची सरकती पट्टी, मात्र ग्रीक नव्हे, ते पिएर व्हर्निअर या फ्रेंच माणसाचं आडनाव. त्याने ती पट्टी १६३१ साली मांडली. व्होल्टमीटरचं डोकंही माणसाचंच, व्होल्टाचं.

खरी गफलत हायग्रो आणि हायड्रोची. एकदा नव्या शिपायाला नागदेवीच्या बाजारात हायग्रोमीटर आणायला पाठवलं. चिठ्ठी मी घाईत खरडलेली. तो घेऊन आला बॅटरीचं हायड्रोमीटर: काचेची नळी, वर रबरी फुगा, आत तरंगणारी कांडी. ॲसिडची घनता बघायचं ते; चार्ज भरलेल्या बॅटरीत कांडी १.२६च्या आसपास थांबते. 'हायडोर' म्हणजे पाणी, आपलं उदक. ड दिसला की उदक आठवा: हे द्रवात तरंगवायचं. 'हायग्रोस' म्हणजे ओलसर, हे हवेत टांगायचं. दमट शब्दातला द इथे हमखास फसवतो, त्याच्या नादी लागू नका.

हवेतला ओलावा मोजायची साधी जोडी मी शाळेत असतानाच पाहिली. वडील लालबागला गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, होते. हवा कोरडी पडली की सूत तुटायचं, म्हणून भिंतीवर दोन थर्मामीटर शेजारी शेजारी टांगलेले. एकाच्या फुग्याला मलमलीची वात, तिचं टोक पाण्याच्या बाटलीत. याला सायक्रोमीटर म्हणतात. 'सायक्रोस' म्हणजे थंड. पाणी उडतं तसा ओला पारा खाली येतो. कोरडा ३०, ओला २७ असेल तर तक्त्यात सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या जवळ निघते.

आकडा लिहिण्याआधी वातीला बोट लावून बघा. बाटली आटलेली असली की दोन्ही पारे एकाच रेघेवर येतात, आणि पोरं खुशाल '१०० टक्के' लिहून मोकळी होतात. जुलैत तर ते खरंही वाटतं.