ऊसतोड चालू झालीये, बिबट्याच्या पट्ट्यात राहताना एवढं सांभाळा

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या भागातल्या वस्त्यांवर राहणाऱ्यांसाठी लिहितोय. आपल्याकडचा बिबट्या काही वाट चुकून आलेला नाही, तो उसातच जन्मतो आन उसातच मोठा होतो, लपायला जागा, पाटाचं पाणी, खायला कुत्री, डुकरं, शेळ्या, मग जाईल कशाला.

पहिलं म्हणजे पोरं. दिवस मावळला की अंगणात एकटं सोडू नका, दोन मिनिटं पण नाही. आणि वाकलेला नाहीतर खाली बसलेला माणूस त्याला छोटं जनावर वाटू शकतो, म्हणून उसाकडेला गवत कापायला दोघं जा, एकानं उभं राहून लक्ष ठेवा. पंपाची लाईट रात्रीची असेल तर दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जावंच लागतं (दिवसा थ्री फेज, म्हणजे पंपाची लाईट द्या म्हणून आपण ओरडतोय ते उगाच नाही), तेव्हा बॅटरी, काठी आन मोबाईलवर मोठ्यानं गाणी.

गोठ्याला चारी बाजूनी जाळी पाहिजे आणि वरून पण बंद. शेळी मारली तर जागेवरून हलवू नका, लगेच वनखात्याच्या १९२६ नंबरला फोन करा, पंचनामा झाला तरच भरपाई मिळते.

आता महत्त्वाचं. फडात, म्हणजे तोड चालू असलेल्या उसात, बिबट्याची पिल्लं सापडली की तोड तिथंच थांबवा, सगळे मागे या, हात लावू नका, सेल्फी तर नाहीच. आई जवळच असते. फॉरेस्टवाले आणि जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्राचे डॉक्टर येतात, पिल्लं तपासतात, अंधार पडायच्या सुमाराला क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवतात आणि कॅमेरा लावतात. बऱ्याचदा रात्रीत आई येऊन एकेक पिल्लू मानेला धरून घेऊन जाते. काही जण म्हणतात पिल्लं कायमची उचलून न्या, पण मग आई त्यांना शोधत तिथंच घुटमळत राहते आणि तिथंच तोडकऱ्यांच्या कोप्या (झोपड्या) असतात, त्यांची लहान लेकरं उघड्यावर झोपलेली असतात, कोण जबाबदार? म्हणून तोडकऱ्यांच्या टोळीच्या मुकादमाला आधीच सांगून ठेवा, एक दिवसाची तोड बुडाली तर बुडू द्या. सकाळी कॅमेरा बघून फॉरेस्टवाले हो म्हणले की मगच राहिलेला फड तोडा.