युद्धकथेसाठी भारी मटेरियल कसं घडवायचं, काळ्या फत्तरापासून सुरुवात

माझा मामा जालन्यात सळईच्या कारखान्यात भट्टीवर होता, सगळी उमेदीची वर्षं तिथंच गेली. मी पहिली युद्धकथा लिहिली तेव्हा त्याला वाचून दाखवली. कथेत मराठ्यांना असा एक धातू सापडतो की तो कशानंच वितळत नाही, तुटत नाही, वाकत नाही. मामानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "जे वितळत नाही, वाकत नाही, त्याची तलवार केली कशी रे?"

त्या दिवसापासून मी दुसऱ्या टोकाकडून सुरू करतो. मटेरियल काय करू शकतं हे नंतर बघायचं, आधी ते बनतं कुठं, कोणाच्या हातानं, कशात, आणि जळण किती लागतं ते ठरवायचं. आता सध्या मी जी कथा लिहायलोय तिचंच उदाहरण घेऊन सांगतो, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही.

कथा आहे असईच्या लढाईची. 23 सप्टेंबर 1803, आपल्या जालना जिल्ह्यातलं असई, केळणा आणि जुई ह्या दोन नद्यांच्या मधली जागा. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले, त्यांची कवायती पलटणं पोलमन नावाच्या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखाली, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली, ज्यानं पुढं 1815 ला नेपोलियनविरुद्ध वॉटर्लूची लढाई जिंकली. आपले हरले, पण इंग्रजांची दीड हजारावर माणसं मेली आणि जखमी झाली, आणि ती जास्त करून आपल्या तोफांनी. म्हणजे ही लढाई काठावरची होती, आणि पर्यायी इतिहासाला, म्हणजे खऱ्या घटनेचा निकाल फिरवून लिहिलेल्या कथेला, काठावरचीच लढाई घ्यावी. जिथं एक बाजू सपशेल चिरडली गेली तिथं निकाल फिरवायला तुम्हाला मटेरियल इतकं राक्षसी करावं लागतं की माणसांना कथेत कामच उरत नाही.

आता मटेरियल. पहिला नियम माझ्यापुरता असा की खोटं एकच बोलायचं, बाकी सगळं खरं. आणि ते एक खोटं जमिनीतून उगवलेलं पाहिजे, आकाशातून पडलेली उल्का वगैरे नको, लोणार जवळ आहे म्हणून मोह होतो पण नको, कारण उल्केला कारागीर लागत नाही आणि कारागीर नसला की कथेला माणूस मिळत नाही. आपल्याकडं काय आहे? काळा फत्तर. विहीर खांदताना मुरूम संपला की जो लागतो आणि सुरुंग लावल्याशिवाय हलत नाही तो. देवगिरीचा कडा तोच, वेरूळचं कैलास त्याच्यातच कोरलेलं. हा लाव्हाचा दगड, बेसाल्ट, आणि ह्या बेसाल्टचा धागा निघतो ही थाप नाही, खरंच निघतो. 1923 ला पॅरिसच्या पॉल दे नावाच्या माणसानं अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं. दगड 1400 ते 1500 डिग्रीच्या आसपास वितळवायचा आणि बारीक भोकांतून ओढायचा, केसापेक्षा बारीक तार येते, जळत नाही, गंजत नाही, ओढायला लई दणकट. निसर्ग पण हे करतो, हवाई बेटावर ज्वालामुखीतून उडालेला लाव्हा वाऱ्यानं ताणला जाऊन सोनेरी केसांसारखा होतो.

हे वाचलं तेव्हा मला शोध लागण्याचा सीन मिळाला. भट्टीवर भाता मारणारं एखादं पोरगं, वितळलेल्या मळीवर, म्हणजे धातू गाळताना वर तरंगणाऱ्या दगडी कचऱ्यावर, चुकून भात्याचं तोंड फिरतं, आणि सकाळी भिंतीला कापूस लागल्यासारखं काहीतरी चिकटलेलं दिसतं. मामाला विचारलं, असं होऊ शकतं का? तो म्हणाला मळीवर हवा मारली तर होऊ शकतं. खरंच आहे, कारखान्यातल्या मळीवर वाफ मारून अशी लोकर करायचा धंदा युरोपात एकोणिसाव्या शतकात झाला. तर शोध असा लावा, कोण्या पंडितानं पोथीत वाचून नाही. पोथीतून आलेला शोध वाचकाला लगेच खोटा वाटतो.

आता 1803 ला एवढा ताव आणायचा कुठून? इथं आपल्या शेजारचंच खरं कामाला येतं. नांदेडच्या पुढं सीमा ओलांडली की निजामाबाद जिल्हा, तिथं कोनासमुद्रम नावाचं गाव, तिथलं पोलाद घ्यायला इराणचे व्यापारी येऊन राहायचे. मातीच्या बंद मुशीत लोखंड घालून तासन् तास तापवायचे, त्या पोलादाच्या तलवारींवर पाण्यासारखी नक्षी यायची. हे लोक ज्या तावावर काम करायचे तो दगड वितळायच्या फार खाली नव्हता. म्हणजे भट्टी आहे, भाता आहे, मूस करणारा हात आहे. अडतं कुठं? भोकावर. वितळलेला बेसाल्ट साध्या मातीची भोकं खाऊन टाकतो, आजचे कारखाने त्यासाठी प्लॅटिनम आणि ऱ्होडियमची तबकडी वापरतात, आणि 1803 ला ते कोणाकडं नव्हतं. माझं एकमेव खोटं इथं बसवलंय: गोदावरीच्या एका वळणावरची माती, जिची भोकं एक दिवस टिकतात. एकच दिवस, दुसऱ्या दिवशी नवी मूस. तुम्ही पण तुमचं खोटं नेमकं अशाच जागी ठेवा जिथं खऱ्या इंजिनिअरचं घोडं अडतं, म्हणजे जाणकार वाचक म्हणतो की ह्याला माहितीय कुठं अडतं ते, आणि तो तेवढं माफ करून पुढं वाचतो.

मग वही घ्या आणि हिशोब मांडा. हा भाग लोक टाळतात आणि मला विचाराल तर कथा इथंच तयार होते. मी धरलं की एका भट्टीतून दिवसाला अर्धा किलो सूत, एका बंडीला, म्हणजे गोळी अडवायला अंगात घालायच्या ह्या सुताच्या जाकिटाला, चार किलो, म्हणजे आठ दिवसाला एक बंडी. दहा भट्ट्या. पावसाळ्याचे चार महिने बंद कारण कोळसा ओला आणि मूस वाळत नाही, राहिले दोनशे चाळीस दिवस. म्हणजे वर्षाला तीनशे बंड्या. पोलमनच्या हाताखाली कवायती शिपाई दहा हजारावर होते, आणि बंड्या तीनशे. एका भट्टीला दिवसाला तीन गाड्या कोळसा धरला तर वर्षाला सात हजार दोनशे गाड्या, आपल्या भागात झाडी ती केवढी, दोन वर्षांत बाभळीच राहणार नाहीत. वरून 1803-04 ला दख्खनेत मोठा दुष्काळ पडलेला, बैलाला चारा नाही तर गाड्या ओढणार कोण? आता मला प्लॉट शोधावा लागला नाही, आकड्यांतून आपोआप आला: गावाचा पाटील म्हणतो झाडं तोडू देणार नाही, कारभारी म्हणतो फौजेचा हुकूम आहे, आणि भट्टीवाल्याची बायको दोघांनाही विचारते की लेकरांना काय घालू.

मटेरियल काय करू शकत नाही ह्याची यादी मात्र लांब करा, चांगल्या गुणांपेक्षा दुप्पट. त्या काळच्या इंग्रजी बंदुकीची शिशाची गोळी तीस-बत्तीस ग्रॅमची, अंगठ्याएवढी जाड. समजा डिंकात बसवलेल्या सुताच्या वीस थरांनी ती अडवली, तरी तो धक्का जातो कुठं? बरगडी मोडते, माणूस पडतो, रक्त थुंकतो, पण जिवंत असतो. तोफेच्या गोळ्यापुढं बंडी काहीच नाही. आणि संगीन, बंदुकीच्या टोकाला लावलेलं पातं? केव्हलार नावाच्या दणकट धाग्याचं उदाहरण बघा, 1965 ला स्टेफनी क्वोलेक ह्या बाईंनी ड्युपॉन्टमध्ये शोधलं, त्याची जाकिटं गोळी अडवतात पण टोकदार सुरी तेवढी अडवत नाहीत, कारण टोक धाग्यांना बाजूला सारून आत घुसतं. म्हणजे माझी बंडी पण संगिनीला फसणार. शिवाय बारीक तुकडे कातडीत शिरून खाज सुटते, घाम आला की जास्त, आणि डिंक पावसात सुटतो. सप्टेंबर महिना आहे, पाऊस संपलेला नाही, हे विसरू नका.

आता ह्या तीनशे बंड्या द्यायच्या कोणाला, ह्यावर मी महिनाभर अडकलो होतो. पहिल्या ड्राफ्टमध्ये सरदारांना दिल्या, ते खरं वाटतं कारण सरदार मागणारच, पण त्यानं लढाई बदलत नाही. मग असईची हकिगत परत नीट वाचली. इंग्रज पायदळ अगदी जवळ येऊन एक फैर झाडतं आणि संगिनी घेऊन तोफांवर पडतं. आपले गोलंदाज तोफ सोडून पळाले नाहीत, जागेवर मेले. इंग्रज पुढं निघून गेले आणि जे मेले असं वाटलं होतं त्यातले काही उठले, तोफा फिरवल्या आणि इंग्रजांच्या पाठीवर मारा सुरू केला. वेलस्लीला स्वतः माघारी फिरून त्या तोफा परत घ्याव्या लागल्या. हे खरं घडलेलं आहे, आणि मला वाचताना अंगावर काटा आला. मग बंड्या गोलंदाजांनाच. त्या एका फैरीत जे मेले ते आता बरगड्या मोडून पडलेत पण जिवंत आहेत, आणि उठणारे थोडेथोडके नाहीत, दोन-अडीचशे. मी इतिहासाला धक्का दिला नाही, त्याच्यातच जे होतं ते वाढवलं. तुम्ही पण आधी खऱ्या लढाईतला असा एक क्षण शोधा जो थोडा मोठा झाला असता तर निकाल फिरला असता, आणि मटेरियल त्या मापाचं शिवा.

पण त्याच्यासाठी शिंदे सरकारला पटवावं लागेल की सरदार सोडून गोलंदाजांना बंडी द्या, आणि ते पटवणारा माणूस कोण, त्याची काय किंमत लागते, माझ्या कथेचे मधले सगळे पानं त्याच्यावर आहेत.

शत्रू मूर्ख नसतो हे पण धरा. 1803 ला निजाम इंग्रजांच्या बाजूनं होता, म्हणजे कोनासमुद्रमचे कारागीर शत्रूच्या दोस्ताच्या मुलखात. त्यांना पळवून आणायचं, का पैसा द्यायचा, का बायकापोरांसकट रात्री नदी ओलांडायची? भट्ट्या जालन्यात टाकाव्या असं आधी वाटलं, पण इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हनसननं असईच्या आधीच जालना घेतलं होतं, म्हणून मग भट्ट्या अजिंठ्याच्या डोंगरात नेल्या. तारखा तपासल्या नसत्या तर पूर्ण कथा कोसळली असती. आणि पोलाद हातात आलं तसं इंग्रजांनी त्याचा अभ्यास केलाच, मायकल फॅरडेनं सुद्धा हिंदुस्थानी पोलादावर प्रयोग केले. म्हणून एक बंडी त्यांच्या हाती लागली की पुढच्या लढाईत ते फैर कमी आणि संगीन जास्त वापरतील, हे लिहून ठेवा. कोणतंही शस्त्र कायमचं भारी राहत नाही.

खऱ्या मटेरियलच्या फजितीची एक गोष्ट जरूर वाचा, पायक्रीटची. दुसऱ्या महायुद्धात जेफ्री पाइक नावाच्या माणसानं बर्फात लाकडाचा लगदा मिसळून त्याचं विमानवाहू जहाज करायचं ठरवलं, 1943 ला कॅनडातल्या एका तळ्यात नमुना पण बांधला. साध्या बर्फापेक्षा कितीतरी मजबूत, हळू वितळणारं. पण एवढं मोठं जहाज सतत थंड ठेवायचं म्हणजे खर्च आणि यंत्रं इतकी की शेवटी सोडून दिलं. तुमच्या मटेरियलला पण असा एक सांभाळायचा खर्च द्या, माझ्याकडं तो डिंक आहे.

नावाचं सांगतो आणि थांबतो. वज्रलोह, दिव्यपाषाण असलं नाव ठेवू नका, भट्टीवरचा माणूस असं बोलत नाही. माझ्या कथेत कामगार त्याला फत्तरी म्हणतात, दप्तरात कारकून पाषाणसूत लिहितो, आणि गोलंदाज खाजरी बंडी म्हणतात कारण रात्रभर खाजवत बसावं लागतं. एकाच वस्तूची तीन नावं, कोण काय म्हणतो त्यावरून तो माणूस कुठं उभा आहे ते कळतं.

आणि लिहायच्या आधी जमलं तर सप्टेंबरच्या शेवटी असईला जाऊन या. नकाशावर केळणा एक रेष दिसते. काठाला खाली उतरून बघा, चिखल किती, बैल तोफ घेऊन चढेल का, आणि तिथून गाव किती लांब दिसतं ते. मी गेलो त्या दिवशी नदीला पाणी होतं, चप्पल हातात घेऊन उतरलो आणि घोट्याच्या वर गेलं तेव्हा परत फिरलो, आणि घरी येऊन नदी ओलांडायचा पूर्ण सीन नव्यानं लिहिला.