काढून टाकलेलं फोर बाय फोर जुन्या कमांडरला परत बसवायचं असंल तर

खानापूर-जांबोटी भागात जुनी कमांडर (महिंद्राची जीप) विकायला असली की मालक पयलं वाक्य हेच बोलतो, ओरिजिनल फोर बाय फोर (इंजिनची ताकद चारी चाकांना) हाय बघा. खोटं नसतंय ते, फक्त मधी गाडी वडापाला (शिटा भरून न्यायच्या धंद्याला) लागलेली असतीय आणि कुणीतरी डिझेल वाचतंय म्हणून पुढचा प्रोपेलर शाफ्ट (पुढच्या चाकांकडं ताकद नेणारी फिरती नळी) काढून ठेवलाय, मग पुढचे अ‍ॅक्सल (चाकं फिरवणारे दांडे) काढून विकले, आणि शेवटी फोर बाय फोर टाकायचा लिव्हर पायात येतंय म्हणून तेबी काढून भोकावर मॅट टाकली. माझी गाडी तशीच, मागं पत्र्याची बंद बॉडी बांधलेली, आणि पावसाळ्यात कणकुंबीकडच्या तांबड्या चिखलात दोन येळा ट्रॅक्टरनं ओढून काढल्यावर ठरवलं की आता बसवायचंच.

सामान आणायला लगेच पळू नका. आधी गाडीखाली झोपा, वही घेऊन, आणि काय हाय काय नाही लिहा. पुढचा शाफ्ट, ट्रान्सफर केसचा (ताकद पुढं-मागं वाटणाऱ्या गिअरपेटीचा) पुढचा फ्लँज, लिव्हर आणि त्याच्या सळ्या, हौजिंगच्या (दोन चाकांमधल्या लोखंडी नळीच्या) आतले दोन्ही अ‍ॅक्सल, हबवरचा ड्राईव्ह फ्लँज किंवा लॉकिंग हब (अ‍ॅक्सल चाकाला जोडणारा भाग). आतला अ‍ॅक्सल नसला तरी पुढचं चाक जाग्यावर राहतंय, कारण चाक स्पिंडलवरच्या बेअरिंगवर असतंय, म्हणून बाहेरनं बघून काय कळत नाही. हबची टोपी काढून बघितलं की कळतंय, आत नुसता ग्रीस आणि अंधार.

आता सगळ्यात महत्त्वाचं, रेशो. पुढच्या आणि मागच्या डिफरेन्शियलचा (दोन चाकांमधल्या गिअरच्या गोळ्याचा) रेशो, म्हंजे चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे, एकच पायजे, जवळपास नव्हे, एकच. ह्या गाड्यांत ५.३८, ४.८८, ४.२७ असे रेशो भेटतात आणि बाहेरनं हौजिंग सारखंच दिसतंय. मागचा रेशो असा काढा: गिअर न्यूट्रल, पुढच्या चाकांना दगड, मागचं एकच चाक जॅकवर, दुसरं जमिनीवर. मागच्या शाफ्टला खडूची खूण करा, उचललेल्या चाकाला पुरे दोन फेरे द्या आणि शाफ्टचे फेरे मोजा. पाच आणि वर एक तृतीयांशपेक्षा थोडं जास्त आलं तर ५.३८, पाचाला थोडं कमी तर ४.८८, सव्वाचार तर ४.२७. हँडब्रेक सोडूनच हे करायला लागतंय, काही जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकावर नसतोय तर ट्रान्सफर केसच्या मागं शाफ्टवर असतोय. अ‍ॅक्सल नसलेल्या पुढच्या हौजिंगवर ही युक्ती चालत नाही, चाक आत कशालाच जोडलेलं नाही की, तिथं कव्हर उघडून दात मोजायचे, क्राऊनचे (मोठ्या चक्राचे) ४३ आणि पिनियनचे (छोट्या गिअरचे) ८ म्हणजे ५.३८, आणि ३९ ला ८ म्हणजे ४.८८.

मी हे केलं नाही. जुन्या बाजारातनं रंग मारलेलं हौजिंग अ‍ॅक्सलसकट आणलं, देणारा म्हणाला सेम टू सेम हाय, बसलं पण मस्त. चिखलात काय जाणवलं नाही, डांबरीवर आल्यावर स्टेअरिंग घट्ट, टायर ओरडालेत, लिव्हर निघंना. कव्हर उघडलं तर ४.८८, मागं ५.३८. म्हंजे पुढची चाकं मागच्यापेक्षा दहा टक्के जास्त पळायला बघत होती. सगळं परत उतरवलं. आठ दिवस गेले आणि घरातनं काय ऐकलं ते लिहीत नाही.

अ‍ॅक्सल घेताना स्प्लाईनचे (टोकावरच्या खाचांचे) दात मोजा, आणि डावा उजवा वेगळ्या लांबीचा असतोय हे ध्यानात ठेवा, डिफरेन्शियल मधोमध नसतंय. घालायच्या आधी हौजिंगच्या नळीतले ऑईल सील नवीन टाका आणि अ‍ॅक्सल सरळ धरून हळू सरकवा, स्प्लाईनची धार सीलला लागली की गिअर ऑईल नकलमध्ये (चाक वळतंय त्या सांध्यात) उतरतंय. ब्रीदरमध्ये (हौजिंगमधली हवा जायच्या वाटेत) तांबडी माती बसलेली असतीय, तार घालून मोकळा करा, नायतर गरम झाल्यावर नवीन सीलबी फुटतंय.

ट्रान्सफर केस पूर्ण उघडायची गरज बहुतेक लागत नाही. लिव्हर बसवून टू, फोर हाय, फोर लो (दोन चाकं, चारी चाकं, चारी चाकं हळू पण जोरात) सगळीकडं खट् करून बसतंय का बघा, सैल वाटलं तर आतली गोळी-स्प्रिंग गेलेली असतीय.

शाफ्टला मात्र घाई नको. लांबी मोजताना गाडी चारी चाकांवर उभी पायजे, जॅकवर मापलं की चुकतंय. वडापवाल्यांनी पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवलेले असले तर जुना शाफ्ट आखूड पडतोय, मग बेळगावला उद्यमबागेत लेथवाल्याकडनं नळी बदलून बॅलन्स करून घ्या. मधला स्लीप जॉइंट (शाफ्टची लांबी कमी-जास्त होणारा सांधा) दोन्हीकडं सरकायला जागा राहील असा बसवा, आणि दोन्ही टोकांचे यॉक (क्रॉस धरणारे कान) एका रेषेत पायजेत, एक दात इकडं-तिकडं झाला तरी गाडी थरथरतीय आणि लोक उगाच टायरला शिव्या देतात. क्रॉस (यॉकमधला अधिकच्या खुणेसारखा सांधा) नवीनच टाका.

तपासताना गाडी चारी बाजूनं घोड्यावर (लोखंडी स्टँडवर), इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, लिव्हर फोर हायला. मागचा शाफ्ट हातानं फिरवला की पुढचा त्याच दिशेला तेवढाच फिरला पायजे. फोरमध्ये असताना एकच बाजू उचलून इंजिन चालू करून गिअर टाकू नका, गाडी जॅकवरनं उडी मारून जातीय.

चारी टायर एकाच मापाचे, झीजबी सारखीच. पहिली ट्रायल शेतातल्या नायतर मातीच्या वाटेवर, डांबरीवर नव्हे, ह्या गाड्यांत मधला (पुढच्या-मागच्या शाफ्टमधला) डिफरेन्शियल नसतोय, वळणावर ताण कुठं जाणार? लिव्हर अडकला तर हिसडे देऊ नका, चार हात मागं घ्या, आपोआप सुटतंय. शंभरेक किलोमीटर झाल्यावर शाफ्टचे नट परत आवळा आणि थांबल्या थांबल्या पुढच्या हबवर हात ठेवून बघा, हात ठेवता येईना झाला तर बेअरिंग जास्त आवळलंय.