एनव्हीडीए: मराठी बोलेल, पासवर्ड बोलणार नाही

दृष्टिहीन माणसाच्या संगणकावर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्राम, टाकायला पंधरा मिनिटं पुरतात. तो मराठी नीट वाचेल आणि सायबर कॅफेत किंवा ऑफिसात बसल्यावर ओटीपी चारचौघांना ऐकवणार नाही, एवढी बेतणी करायला मात्र तासभर जातो, आणि नेमका तोच तास वाचवला जातो. खालच्या सूचना विंडोज १० आणि ११ साठी आहेत. ज्याला स्वतः करायचं आहे त्यालाही त्या चालतील, आणि कुणाला बसवून देणाऱ्यालाही.

एनव्हीडीए हा मुक्तस्रोत स्क्रीन रीडर. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी २००६ साली तो लिहायला घेतला. ते स्वतः दृष्टिहीन. परवाना जीपीएल, त्यामुळे कितीही संगणकांवर टाका, पैसे नाहीत. तरीही पेन ड्राइव्हवरून फिरणारी प्रत किंवा महागड्या स्क्रीन रीडरची 'क्रॅक' केलेली आवृत्ती अजून सर्रास वापरली जाते. स्क्रीन रीडरला तुमची प्रत्येक कळ कळते आणि पडद्यावरची प्रत्येक ओळ वाचता येते. त्याच्यात कुणी हात घातला असेल तर त्याहून चांगला हेर शोधूनही सापडणार नाही. म्हणून फाइल फक्त एनव्हीॲक्सेस डॉट ओआरजी इथूनच घ्या. उतरवल्यावर फाइलच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' हा टॅब उघडा. तिथे एनव्ही ॲक्सेसचं, म्हणजे एनव्हीडीए बनवणाऱ्या संस्थेचं, नाव दिसलं पाहिजे. टॅबच नसेल तर फाइल पुसून टाका.

फाइल चालवली की लगेच बोलणं सुरू होतं. ती तात्पुरती प्रत असते. परवान्याच्या चौकटीत खूण करून 'इन्स्टॉल' निवडा. 'पोर्टेबल कॉपी' सोयीची वाटते, पण विंडोज जेव्हा पडदा काळवंडून 'या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का' असं विचारतं, तेव्हा ती गप्प बसते. नवखा माणूस तिथेच अडकतो. स्थापनेत साइन-इनच्या पडद्यावर एनव्हीडीए सुरू करण्याचा पर्याय चालू ठेवा. एनव्हीडीए सुरू करायचा कंट्रोल-अल्ट-एन हा शॉर्टकट आपोआप तयार होतो. काहीच बोलेनासं झालं तर विंडोजचा स्वतःचा नॅरेटर कंट्रोल-विंडोज-एंटरने सुरू होतो. काम झालं की त्याच कळांनी तो बंद करा, नाहीतर दोघं एकावर एक बोलत राहतील.

एनव्हीडीएच्या आज्ञा देताना एक कळ धरून ठेवावी लागते, ती एनव्हीडीएची कळ; मुळात ती इन्सर्ट असते. पहिल्या खिडकीत कॅप्सलॉकलाही एनव्हीडीएची कळ करायचं का, असं विचारतात. लॅपटॉपवर 'हो' म्हणा, कारण इन्सर्टची कळ तिथे कुठेतरी कोपऱ्यात असते. त्यानंतर खरा कॅप्सलॉक चालू-बंद करायचा तर ती कळ चटकन दोनदा दाबावी लागते. घाईत तो चुकून चालू होतो आणि पासवर्ड चुकतो, हे लक्षात असू द्या.

मराठी आवाज

सोबत येणारा ईस्पीक एनजी हा सिंथेसायझर, म्हणजे मजकुराचा आवाज करणारा भाग, मराठी जाणतो. विंडोज १० आणि ११ वर मुळात विंडोजचा सिंथेसायझर लागलेला असतो, म्हणून आधी एनव्हीडीए-कंट्रोल-एस दाबून ईस्पीक एनजी निवडा. एनव्हीडीए-कंट्रोल-व्ही दाबा, म्हणजे आवाजाची मांडणी उघडते. 'व्हॉइस'च्या यादीत मराठी निवडा. वेग मुळात ३० असतो. नवशिक्यासाठी तो २० ते २५ वर आणा आणि आठवड्याला पाच-पाचने वाढवा. आवाज यांत्रिक आहे, पहिले दोन दिवस कान किटतात. त्या बदल्यात तो अडखळत नाही, इंटरनेट मागत नाही आणि जुन्या संगणकावरही कळ दाबताक्षणी बोलतो. पोथीसारखं निवांत ऐकायचं असेल तर दुसरा आवाज बघा. कामाला हाच बरा.

उच्चाराच्या तक्रारी येणारच. 'जग' म्हणजे विश्व की 'जगणे'मधला जग, हे लिपी सांगत नाही, मग यंत्राने ओळखायचं कसं? सारखे चुकणारे शब्द, विशेषतः घरच्या माणसांची नावं, 'स्पीच डिक्शनरीज'मध्ये उच्चाराप्रमाणे लिहून ठेवा. मेन्यूंची भाषा मात्र इंग्रजी राहू द्या. फोनवरून मदत घेताना समोरचा माणूस तीच नावं सांगत असतो.

सगळं मनासारखं झालं की एनव्हीडीए-कंट्रोल-सी दाबून मांडणी साठवा. हाताळताना काही बिघडलं तर एनव्हीडीए-कंट्रोल-आर एकदा दाबल्यावर साठवलेली मांडणी परत येते. तेच तीनदा चटचट दाबलं तर कारखान्यातली मूळ मांडणी येते, तेव्हा बोट आवरा.

कुठे गप्प राहायचं

पासवर्डच्या चौकटीत एनव्हीडीए अक्षराऐवजी नुसतं 'स्टार' म्हणतो. यामुळे वाटतं की आता काळजी नाही. पण वाटा आणखी आहेत.

ओटीपीची चौकट बहुधा साधी असते, पासवर्डची नसते. 'स्पीक टाइप्ड कॅरेक्टर्स' चालू असेल तर सहाच्या सहा आकडे मोठ्याने ऐकू येतात. एनव्हीडीए-२ दाबत गेलं की ते बंद होतं. ओटीपी टाकण्याआधी रिकाम्या कागदपत्रात दोन अक्षरं टाइप करून खात्री करा. एनव्हीडीए-३ पूर्ण शब्द बोलण्यासाठी असतं, तेही बघा. पासवर्डशेजारचं 'शो' बटण स्पेसने दाबलं गेलं की चौकट उघडी पडते आणि बाण फिरवताच अक्षरं ऐकू येतात. एनव्हीडीए-सी क्लिपबोर्डवर जे असेल ते वाचतं, म्हणजे पासवर्ड कॉपी केल्यावर ही कळ चुकून दाबली तर तोच ऐकू येतो.

म्हणून बाहेर काम करताना इअरफोन हवाच, आणि तोही तारेचा. ब्लूटूथचा चार्ज संपला की आवाज मधूनच लॅपटॉपच्या स्पीकरवर येतो, तोही नेमका नको त्या वेळी. एकच कान झाका. आजूबाजूला कोण आलं ते दुसऱ्याने कळतं. पडद्याची काळजी कुणी घेत नाही, कारण वापरणाऱ्याला तो दिसतच नाही. शेजारच्याला मात्र दिसतो. त्यासाठी सेटिंग्जमध्ये 'स्क्रीन कर्टन' आहे: पडदा पूर्ण काळा होतो आणि बोलणं तसंच चालू राहतं.

आता सहसा न सांगितली जाणारी गोष्ट. सेटिंग्जमध्ये 'लॉगिंग लेव्हल' असते, म्हणजे एनव्हीडीएने स्वतःच्या कामाच्या नोंदी किती तपशिलात ठेवायच्या ते. ती 'इन्फो' असावी. तपासणीसाठी कुणी 'इनपुट/आउटपुट' करायला सांगितलं असेल तर एनव्हीडीए काय काय बोलला ते सगळं फाइलमध्ये उतरतं, ओटीपीसकट. दुरुस्ती झाल्यावर ती लगेच मागे न्या आणि ती फाइल कुणालाही पाठवण्याआधी स्वतः वाचा.

साइन-इनच्या पडद्यावरही आपलीच मांडणी हवी म्हणून 'युज करंटली सेव्ह्ड सेटिंग्ज' हे बटण दाबलं जातं. ॲड-ऑन (इतरांनी बनवलेले जोड-प्रोग्राम) बसवलेली असतील तर तिथे एनव्हीडीए इशारा देतो, तो गंभीरपणे घ्या. त्या पडद्यावर ॲड-ऑनला संपूर्ण संगणकाचे अधिकार मिळतात. आधी ॲड-ऑन काढा, मग मांडणी पाठवा.

पासवर्ड चुकतोय?

पासवर्ड बरोबर असून खातं लॉक झालं, तर पहिला संशय कीबोर्डवर घ्या. मराठी कीबोर्ड चालू असला तरी ऐकू येतं 'स्टार'च; चूक कळायला मार्ग नाही. चौकटीत जाण्याआधी विंडोज-स्पेस दाबा, एनव्हीडीए भाषेचं नाव सांगतो, इंग्रजी ऐकू आल्यावरच पुढे चला. साइन-इनच्या पडद्यावरही हेच.

पासवर्ड साठवायला कीपासएक्ससी हे मुक्तस्रोत ॲप वापरा. सगळे पासवर्ड तुमच्याच संगणकावर एका कुलूपबंद फाइलमध्ये राहतात. कंट्रोल-बीने वापरकर्त्याचं नाव, कंट्रोल-सीने पासवर्ड कॉपी होतो आणि मुळातल्या मांडणीत १० सेकंदांनी क्लिपबोर्ड पुसला जातो. एवढ्यात चौकट गाठता येत नसेल तर सेटिंग्जमध्ये ते २५ करा, पण बंद करू नका. मुख्य पासवर्डसाठी एकमेकांशी संबंध नसलेले सहा शब्द घ्या. मराठी शब्द रोमन लिपीत लिहिणार असाल तर स्पेलिंग आधी पक्कं करा. 'पाऊस' एका दिवशी एका 'ए'ने आणि दुसऱ्या दिवशी दोन 'ए'ने लिहिला तर कुलूप उघडणार नाही. म्हण किंवा अभंगाची ओळ नको, ती दुसऱ्यालाही पाठ असते. फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा. मुख्य पासवर्ड विसरलात तर तो कुणीही परत आणून देऊ शकत नाही.

लिंक कानाने तपासणं

मेसेजमधल्या लिंकवर एंटर मारण्याआधी एनव्हीडीए-के दाबा, तिचा खरा पत्ता ऐकू येतो. दोनदा दाबलं तर तो वेगळ्या खिडकीत उघडतो. तिथे बाणाने एकेक अक्षर ऐका. 'एचटीटीपीएस'नंतरचे दोन तिरके दंड सोडून पुढचा पहिला एकेरी दंड शोधा आणि तिथून उलट मागे या: शेवटचा डॉट आणि त्याच्या आधीचं नाव, तेवढंच खरं मालकाचं; शेवटी 'को डॉट इन'सारखी जोडी असेल तर तिच्या आधीचं नाव बघा. बँकेचं नाव पत्त्याच्या सुरुवातीला असून उपयोग नाही. 'ओ' की शून्य, 'एल' की एक, हे डोळ्यांना फसवतं. अक्षर अक्षर ऐकणाऱ्याला ते डोळसांपेक्षा आधी कळतं.

जे वाचलंच जात नाही

मराठी फाइलमधून इंग्रजी अक्षरांचा चिवडा ऐकू आला तर एनव्हीडीए बिघडलेला नाही. ती फाइल श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये केलेली आहे: पडद्यावर दिसतं देवनागरी, आत असतं भलतंच. पाठवणाऱ्याकडे युनिकोडमधली प्रत मागा. ती मिळत नसेल, किंवा पीडीएफ म्हणजे नुसता स्कॅन असेल, तर टेसरॅक्ट हे मुक्तस्रोत ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारं साधन, मराठी ओळखतं. मराठीचा भाषा-संच वेगळा उतरवावा लागतो. स्कॅन ३०० डीपीआयचा घ्या. त्याहून कमी असेल तर रफार आणि अनुस्वार गळतात. आकड्यांवर मात्र विसंबू नका. सातबाऱ्याचे गट क्रमांक, खाते क्रमांक डोळस माणसाकडून एकदा पडताळून घ्या.

दूरवरून मदत हवी असेल तर २०२५.१ पासून एनव्हीडीएतच 'रिमोट' आलं आहे. मदत करणाऱ्याला तुमचा पडदा दिसत नाही. तुमच्या संगणकाचं बोलणं त्याच्या संगणकावर ऐकू येतं आणि त्याच्या कळा इकडे चालतात. जोडणीची की '१२३४' ठेवू नका, 'जनरेट'ने बनवा आणि फोनवर सांगा. ती की ज्याच्याकडे, त्याच्याकडे संगणक. काम आटोपल्यावर 'डिसकनेक्ट' स्वतः दाबा, पलीकडच्यावर सोडू नका.