नवी बीएमएक्स रेस फ्रेम: पैसे भरण्याआधी आणि जोडताना

रंग मुलांना ठरवू दे, बाकी सगळं मोजपट्टी हातात घेऊन आपणच ठरवायचं. लेक बीएमएक्स रेस करते, म्हणजे उड्या आणि वळणांच्या ट्रॅकवरची छोट्या २० इंची चाकांच्या सायकलची शर्यत. तिचे गुडघे यंदा वळणावर हँडलला आपटायला लागले, म्हणजे ‘एक्सपर्ट’ मापाची फ्रेम उतरवून ‘प्रो’ घ्यायची वेळ आली. इथे मँचेस्टरला व्हेलोड्रोमच्या (सायकल शर्यतीच्या स्टेडियमच्या) शेजारी २०११ पासून छपराखालचा ट्रॅक आहे. बाहेर पावसाची झड लागली तरी सराव बुडत नाही, त्यामुळे सायकल महिनाभर उघडी ठेवून निवांत जोडत बसायची चैन नाही.

मागच्या वेळी मी यादी न करताच स्वस्तातली जुनी फ्रेम मागवली. घरी आल्यावर कळलं की तिला मागे २० मिमीचा आरपार ॲक्सल (चाकाचा आस) लागतो आणि आमचं चाक १० मिमीच्या नटांचं. बीबीही (बॉटम ब्रॅकेट, पेडलचे क्रँक ज्यावर फिरतात तो बेअरिंगचा भाग) आट्यांचा नव्हता, दाबून बसवायचा होता. हब (चाकाचा मधला भाग) आणि बीबी घेता घेता फ्रेमपेक्षा जास्त पैसे गेले. चूक माझीच, विकणाऱ्याने मापं लिहिली होती.

तेव्हा आधी घरातली सायकल उलटी करा आणि जे भाग नव्या फ्रेमवर चढवायचे आहेत त्यांची मापं वहीत उतरवा: मागच्या ॲक्सलची जाडी आणि चाक जिथे अडकतं त्या फ्रेमच्या दोन कानांमधलं अंतर (बहुतेक रेस फ्रेमना ११० मिमी), बीबीचा प्रकार, फोर्कचा (पुढच्या चाकाच्या चिमट्याचा) दांडा सरळ १ १/८ इंची की खाली दीड इंचापर्यंत रुंदावणारा, आणि ब्रेक व्ही (रिमला दाबणारा) की डिस्क. व्हीचे खुंट नसलेल्या फ्रेमवर व्ही ब्रेक बसत नाही, तिथे जुगाड करू नका. रेसच्या सायकलला पुढे ब्रेक नसतोच, जो आहे तो मागचाच.

मग माप. टॉप ट्यूब (फ्रेमची वरची नळी) ‘एक्सपर्ट’ला साधारण १९.५ इंच, ‘प्रो’ला २०.५, ‘प्रो एक्सएल’ला २१ च्या पुढे, कंपनीगणिक थोडा फरक पडतो. नुसत्या उंचीच्या तक्त्यावर जाऊ नका. क्लबमध्ये कुणाची तरी सायकल मागून घ्या, पेडल आडवी ठेवून पोराला रेस सुटते त्या गेटवर उभं राहतात तसं उभं करा, कंबर मागे घ्यायला लावा आणि बाजूने बघा. हात ताणून कोपर लॉक होत असेल तर फ्रेम मोठी. ‘पुढच्या वर्षी पुरेल’ म्हणून शाळेचा गणवेश मोठा घेतात, ते इथे चालत नाही. रेस ३०-४० सेकंदांची, आठ जण एकाच गेटवर. लांब सायकलचं पुढचं चाक वेळेवर उचलत नाही आणि पहिल्याच उडीला ते दिसतं.

दातांचा हिशेब सोपा आहे: पुढे ४४, मागे १६ म्हणजे २.७५, गुणिले २० इंची चाक, ५५ इंच. हा आकडा जितका मोठा तितकं पेडल जड. लेकीला सुरुवातीला पुढे ४३ दातांचा दिलाय. पाय गरगर फिरले तरी चालतील, गेटवरून जड उठायला नको.

जोडायला बसताना चाकं आधी बघा, कारण नवी फ्रेम मिळाली की तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. चाकाचा आऊट (वाकडं फिरणं) काढा, मग आरे दोन-दोन बोटांत धरून दाबा. कोल्हापूरचा आमचा सायकलवाला आरे नखाने वाजवून ऐकायचा. बद्द वाजला की तो ढिला. धातूच्या आट्यांना ग्रीस लावा, पण कार्बनच्या दांड्याला ग्रीस नको, त्याची वेगळी पेस्ट मिळते. फोर्कचा दांडा कापण्याआधी स्टेम (हँडल धरणारा भाग) आणि स्पेसर (मधल्या कड्या) चढवून दोनदा मोजा.

हेडसेटला (फोर्क ज्यावर वळतो त्या बेअरिंगला) वेळ द्या. आधी वरचा स्क्रू, मग स्टेमच्या बाजूचे, आणि ताण स्टेमवर छापलेल्या आकड्याइतकाच. खेळ तपासायला आपण एरवी पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवतो. इथे तो नाही. म्हणून पुढचं चाक काटकोनात वळवा, तळवा हेडसेटच्या जोडावर ठेवा आणि सायकल पुढे-मागे ढकला. बारीकसा टक् हाताला लागला तर वरचा स्क्रू पाव फेरा. त्याआधी बाजूचे सैल करायला विसरू नका.

चेन ताणताना क्रँक पूर्ण फिरवून बघा. चेनरिंग (पुढचं दातेरी चाक) कधीच अगदी गोल बसत नाही, एका जागी चेन ताठ होतेच. त्या जागी सेंटीमीटरभर खेळ ठेवा. हाताने फिरवताना घरघरली तर जास्त आवळली आहे.

सीट कुठलीही चालेल, रेसमध्ये बसतो कोण? हँडलची टोकं मात्र बंदच हवीत, उघड्या पाइपला तपासणीत परत पाठवतात. नंबरप्लेट केबलला घासत नाही ना, तेही बघा.

पहिल्या सरावाला खिशात १५ चा पाना आणि क्रँकच्या बोल्टचा पाना ठेवा. तीन-चार फेऱ्यांनंतर मागचे नट आणि क्रँकचे बोल्ट थोडे सैल पडतात. लेक पाणी पीत असेल तेवढ्यात ते आवळून होतात.