खटावच्या तलावांवर कांड्या करकोच्यांची मोजणी कशी करावी

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील येरळवाडी, मायणी आणि सूर्याचीवाडी हे तलाव हिवाळी पाहुण्यांसाठी ओळखले जातात. रोहित (फ्लेमिंगो) पाहायला येणाऱ्यांनी कांड्या करकोचा (डेमॉइझेल क्रेन) या लहान क्रौंचाकडेही तितक्याच आस्थेने पाहावे, असे मला मनापासून वाटते. मंगोलिया, कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशांत वीण करून आणि हिमालय ओलांडून हा क्रौंच आपल्याकडे उतरतो.

ओळख आधी पक्की करावी. हा पक्षी सुमारे ९० सेंटिमीटर उंच व राखाडी असतो, गळ्यापासून छातीवर काळी पिसे लोंबतात आणि डोळ्यामागे पांढरा तुरा असतो. सामान्य क्रौंच याहून मोठा असून त्याच्या माथ्यावर लाल डाग असतो. राखी बगळ्याशी गल्लत होते, परंतु बगळा उडताना मान दुमडतो आणि झाडावर बसतो. क्रौंच मान ताणून उडतो व झाडावर बसत नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून, परतीचा पाऊस ओसरला की, आठवड्यातून एकदा ठरलेल्या वारी फेरी करावी. क्रौंच रात्री उथळ पाण्यात उभे राहतात, सकाळी शेतांत चरायला जातात आणि दुपारी पुन्हा पाण्यावर येतात. त्यामुळे दिवसभर शिवार धुंडाळून मोजणे फसवे ठरते, कारण तोच थवा दोन ठिकाणी मोजला जातो. सूर्योदयाच्या पाऊण तास आधी बांधाच्या आडोशाला, पक्ष्यांपासून दोन-तीनशे मीटर दूर बसावे आणि ते मुक्काम सोडताना दिशेनुसार मोजावे. तिन्ही तलावांवर एकाच पहाटे एकेक माणूस असल्यास आकडा विश्वासार्ह होतो. मोठा थवा असेल तर आधी दहा पक्षी नेमके मोजून त्यांनी व्यापलेली जागा डोळ्यांत भरवावी, त्या मापाने उरलेला थवा मोजावा आणि छायाचित्रांवरून नंतर पडताळावा. दोघांनी परस्परांना न सांगता मोजून दोन्ही आकडे लिहावेत.

दुपारी थवा विसावलेला असताना स्पॉटिंग स्कोपमधून (तिकाटण्यावरच्या एकनळी दुर्बिणीतून) पिल्ले वेगळी मोजावीत. पहिल्या वर्षीच्या पिल्लांचे डोके फिकट राखाडी व तुरा आखूड असतो. जोडी सहसा दोनच अंडी घालते आणि पिल्ले पहिल्या हिवाळ्यात आईवडिलांसोबतच राहतात. म्हणून शंभर पक्ष्यांत पिल्ले किती, यावरून उत्तरेकडील वीण कशी झाली याचा अंदाज येतो. माझ्या दृष्टीने एकूण संख्येपेक्षाही ही नोंद मोलाची आहे. पायांत अभ्यासकांनी ओळखीसाठी घातलेली रंगीत कडी दिसल्यास रंगांचा क्रम व कोणत्या पायात आहे, हे लिहावे.

प्रत्येक फेरीत पाण्याची पातळी नोंदवलीच पाहिजे. खटाव पर्जन्यछायेत आहे. एखाद्या वर्षी तलाव सांडव्यापर्यंत भरतो, उथळ काठ बुडतो आणि क्रौंच दुसरीकडे जातात, तर दुष्काळात तलाव आटल्यानेही ते येत नाहीत. पातळी लिहिलेली नसेल तर ही अनुपस्थिती संख्येतील घट म्हणून वाचली जाते. त्यासाठी सांडव्यापासून पाणी किती खाली आहे, उथळ काठ किती उघडा आहे, गाळपेर (पाणी ओसरलेल्या गाळात केलेली पेरणी) सुरू झाली का आणि आसपास हरभरा की शाळू, हे लिहावे. मेंढपाळांना व राखणदारांना विचारल्यास मुक्कामाची नेमकी जागा लवकर सापडते. एकही पक्षी न दिसलेल्या फेरीची वेळ, पातळी आणि शून्य हा आकडा त्याच वहीत, त्याच रकान्यात लिहावा.